मर्विनचा राहिलेला डाव

१

आमच्या घरात देवाधर्मावरून कधी भांडण झालं नाही, राजकारणावरून झालं नाही. भांडणं व्हायची ती शर्मन चांगला की पँथर, यावरून. पार टोस्ट जळेपर्यंत व्हायची.

माझा नवरा सेड्रिक पँथरवाला. जर्मनांनी हा रणगाडा बनवला तेव्हा बाकीच्या जगाने कागद-पेन्सिल खाली ठेवायला हवी होती, असं त्याचं म्हणणं. पुढचं चिलखत तिरकं, गोळा लागला तरी घसरून जातो. तोफ लांब, दुरून मारणारी. मी शर्मनवाली. "अरे, पण आधी चालायला तर हवा ना तुझा पँथर!" मी म्हणायचे. "चार गावं ओलांडली की त्याचा गिअर मोडतो. माझा अमेरिकन शर्मन उंच आहे, पत्रा पातळ आहे, सगळं कबूल. पण सकाळी सुरू केला की संध्याकाळपर्यंत कुरकुर नाही. आणि तुझा एक येईपर्यंत माझे पाच येतात."

"त्यातले चार जळतात," सेड्रिक शांतपणे मार्मलेड लावत म्हणायचा. की माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्याच.

आमचे रणगाडे काडेपेटीएवढे, हे आधी सांगायला हवं होतं. हॉर्नकॅसल गावातल्या चर्चमागच्या हॉलात दर रविवारी, जेवणं उरकली की, आमचा क्लब जमतो. टेबलावर हिरवं कापड, शेवाळाची कुंपणं, पुठ्ठ्याची घरं आणि फाशांवर चालणारी लढाई. क्लबात बाई मी एकटीच. पहिल्या रविवारी एका मिशीवाल्याने मला विचारलं होतं, "चहाचं कुठवर आलं?" मी म्हटलं, "ते ठाऊक नाही, पण तुमची डावी बाजू उघडी पडलीय." त्या दिवशी मिशीवाला हरला, आणि पुढे कोणी मला चहाचं विचारलं नाही.

आमची खासियत म्हणजे आंधळा डाव. शेजारच्या दोन खोल्यांत दोन टेबलं, अगदी एकसारखी. तेच गाव, तीच बाग, तोच खोलगट रस्ता. एका खोलीत मी, दुसरीत माझा शत्रू. आपल्याला फक्त आपलेच रणगाडे दिसतात. पंच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहतो, आणि शत्रू खरोखर नजरेच्या टप्प्यात आला तरच त्याचा रणगाडा माझ्या टेबलावर आणून ठेवतो. खेळाडूने दुसऱ्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

मागच्या महिन्यात असाच एक डाव चालू असताना मर्विन टॅप गेला. पलीकडच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय झालंच होतं, आणि हातात फासे असताना मरण यावं, अजून काय हवं, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. फक्त शेवटच्या पाळीला त्याने भिंतीपलीकडून ओरडून एक विचारलं होतं, "थेल्मा, तिकडे कोणी काही फिरवतंय का गं?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, खेळ तू." हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

सभासद मध्येच गेला तर त्याचा डाव कोणीतरी पुरा करायचा, ही आमच्या क्लबाची रीत. दोन्ही टेबलं चादरी टाकून तशीच ठेवली होती. मर्विनच्या बाजूने बसायला सेड्रिक तयार झाला. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत.

२

रविवारी माझ्या टेबलावरची चादर मी काढली आणि कुंपणांवरची धूळ फुंकत होते. माझे चार शर्मन होते तिथेच होते. सफरचंदाच्या बागेत, झाडांच्या मधोमध, एक पँथर उभा होता.

आमचे पंच बर्नार्ड स्क्रिमशॉ. रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. मी हाक मारली, "पंच महाराज! मागच्या वेळी हा माझ्या टेबलावर ठेवला होतात का?"

बर्नार्ड चष्मा सारखा करत आले. "छे. तुमच्या नजरेत मर्विनचा एकही रणगाडा आला नव्हता."

"मग हा कोणाचा?"

ते पलीकडे जाऊन सेड्रिकचं टेबल बघून आले. "तिथल्या बागेत काहीच नाही. झाडूवालीने कुठून तरी उचलून ठेवला असेल. काढून टाका, थेल्माबाई."

झाडूवालीच असणार, असं मलाही वाटलं. पण क्लबातला प्रत्येक रणगाडा मी ओळखते. निम्मे मीच रंगवलेत. कोणाचा ब्रश जाड लागतो, कोण घाईत चाकं तशीच सोडतं, सगळं ठाऊक. याच्यावर ब्रशाचा एक ओरखडा नव्हता. रंग नव्हताच मुळी. गंज होता, चिखल होता, आणि बुरुजावर, म्हणजे तोफ धरून गोल फिरतो त्या वरच्या भागावर, एक झाकण उघडं होतं. आत अंधार. काडेपेटीएवढ्या रणगाड्यात अंधाराला जागा ती किती, पण तो खोल दिसत होता.

मी चिमटीत धरून उचलायला गेले. तो उचलला गेला नाही. टेबलाला खिळा मारावा तसा बसला होता, आणि हाताला कोमट लागला.

"चिकटवलाय मेल्याने," मी म्हटलं.

"बघू." बर्नार्डनी हात घातला आणि लगेच मागे घेतला. बराच वेळ ते बोटं पँटला पुसत राहिले. मग स्टेशनमास्तरांचा आवाज काढून म्हणाले, "जो टेबलावर आहे तो खेळात आहे. तुमची पाळी."

३

माझं लक्ष तोफेकडे गेलं. ती माझ्या एकाही शर्मनवर रोखलेली नव्हती. गावावर नव्हती, रस्त्यावर नव्हती. टेबलाची कड ओलांडून ती थेट भिंतीकडे बघत होती.

कोणाला काय दिसतं हे ठरवायला आम्ही दोरा ताणतो. खिशात रीळ असतंच. मी दोऱ्याचं एक टोक तोफेच्या तोंडाशी धरलं आणि सरळ भिंतीपर्यंत नेलं. दोन्ही खोल्यांतून हीटरचा एकच पाइप आरपार जातो. त्या पाइपापासून हातभर डावीकडे, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर दोरा टेकला.

मी बाहेर येऊन पलीकडच्या दाराच्या काचेतून डोकावले. आत पाऊल टाकलं नाही, नुसतं डोकावले. सेड्रिक भिंतीला पाठ लावून बसला होता, पाइपापासून हातभर अंतरावर. मजेत आल्याची वडी चघळत होता. आणि अधूनमधून छातीवरून हात फिरवत होता, जेवण अंगावर आल्यासारखा.

थेल्मा, शुद्धीवर ये, मी स्वतःला म्हटलं. भिंतीला खुर्ची लावून माणूस बसणारच. तोफेला कुठेतरी तोंड असणारच. मर्विन तिथेच बसायचा, हेही खरं, पण त्या खोलीत दुसरी धड खुर्चीच नाही.

परत येऊन बसले तेव्हा आवाज आला. टिक. थोडं थांबून, टिक. हीटरच्या पाइपाचा म्हणावा तर पाइप गार होता. बारीक दात्यांचं चाक कोणीतरी हाताने, दमत दमत फिरवावं, तसा आवाज.

पलीकडून सेड्रिक ओरडला, "बर्नार्ड, इथे झुळूक लागते हो! खुर्ची जरा खिडकीकडे घेतो." खुर्ची सरकल्याचा खर्र आवाज झाला.

टिक, टिक, टिक.

मी तोफेवरची नजर हलवली नाही. ती हलताना दिसत नव्हती. घड्याळाचा मोठा काटा दिसतो का हलताना? पण मी पुन्हा दोरा लावला तेव्हा तो भिंतीवर आधीच्या जागी टेकेना. सेड्रिकच्या खिडकीच्या दिशेने सरकला होता.

४

मी दारात जाऊन म्हटलं, "सेड्रिक, चल घरी."

"आत येऊ नकोस! नियम!" तो दोन्ही हातांनी टेबल झाकत ओरडला. "काय झालं? हरायला लागलीस?"

"डोकं दुखतंय माझं. चल ना रे."

"मर्विनचा डाव अर्धा टाकून? अगं, त्याची बायको केक घेऊन येणारे मागाहून. तिला काय सांगू, थेल्माचं डोकं दुखत होतं?" मग जरा नरम होऊन म्हणाला, "एवढा डाव संपवू या. मलाही आज जरा जड जड वाटतंय. घरी जाऊन पडू."

जड वाटतंय म्हणाला. चेहरा पिठासारखा झाला होता.

त्याला ओढून नेला असता. पण गाडीत बसवून नेला तरी कुठे नेणार? त्या तोफेला मधली भिंत आड येत नव्हती. आमचं घर तिथून तीन रस्त्यांपलीकडे, मध्ये आणखी भिंती, एवढंच. मर्विनही त्या दिवशी बेचैन होऊन सारखा उठत होता, चहाच्या ओट्याकडे जात होता, परत येत होता, ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. त्याचं काय झालं?

आणि खरं सांगू? मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग आला होता. बेचाळीस वर्षं या माणसाशी मी भांडत आलेय. त्याला कोणी न्यायचा असेल तर आधी माझ्याशी गाठ आहे.

माझ्या खोलीत परत येऊन मी बर्नार्डना विचारलं, "पंच, टेबलावर आहे तो खेळात आहे, म्हणालात ना?"

"म्हणालो."

"मग त्यालाही नियम लागू."

टिकटिक त्यांनाही ऐकू येत होती, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

"रणगाड्याला बाजूने गोळा लागला आणि तो शाबूत राहिला, तर नियम काय?"

बर्नार्डना आमचे नियम तोंडपाठ. "पुढच्या पाळीला त्याला आधीचं लक्ष्य सोडावं लागतं. ज्याने मारलं त्याच्याकडे तोंड करावं लागतं." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "थेल्माबाई, मारणाऱ्या तुम्ही आहात."

"ठाऊक आहे मला."

"मग कशाला?"

"कारण जर्मन बुरूज हळू फिरतो," मी म्हटलं. "आपल्या तक्त्यात लिहिलंय, पँथर, बुरूज मंद. शर्मनचा झटकन फिरतो. तो माझ्याकडे वळेपर्यंत मी दुसरीकडे गेलेली असेन. तो वळत राहील, मी फिरत राहीन. माझ्या मागे लागला म्हणजे सेड्रिकच्या मागे लागणार नाही."

५

पँथरला समोरून मारण्यात अर्थ नसतो, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण बाजूचा पत्रा बेताचाच. शर्मनची तोफ जवळून तो फोडते. मी दोन शर्मन गावाच्या आडोशाने नेले, एक कुंपणाला भिडवला आणि चौथा खोलगट रस्त्याने बागेच्या मागे काढला. सेड्रिकला यातलं काही दिसत नव्हतं. माझ्याकडून हल्लाच होत नाही म्हणून तो तिकडे खूश होऊन बर्नार्डना सांगत होता, "घाबरली बघा बाई!" त्याचा आवाज मात्र बारीक होत चालला होता. मध्ये एकदा तो वाक्य अर्धं सोडून दम घ्यायला थांबला.

प्रत्येक पाळीत मी आधी दोरा लावायचे. तोफ खिडकीच्या जवळ जवळ सरकत होती.

बागेजवळ गेल्यावर वास आला. सडक्या सफरचंदांचा आणि तापलेल्या तेलाचा. माझी झाडं स्पंजाची आहेत, मीच कात्रीने कापलेली.

"कुंपणाजवळचा शर्मन, बाजूने मारतोय," मी जाहीर केलं आणि फासा टाकला. दोन. नेम हुकला. रस्त्यातल्या शर्मनसाठी दुसरा टाकला. डाव्या हाताने मनगट घट्ट धरून टाकला. सहा.

"लागला," बर्नार्ड म्हणाले. फुटला की नाही हे ठरवायला आणखी एक फासा. तीन.

"शाबूत आहे," बर्नार्ड म्हणाले. "आता त्याला..."

टिकटिक थांबली.

पलीकडच्या खोलीत सेड्रिकने ढेकर दिला. मोठा, मोकळा, निर्लज्ज ढेकर. "आहाहा!" तो म्हणाला. "आता बरं वाटलं! वडी अडकली होती वाटतं!"

मला रडू आलं आणि हसूही आलं. तेवढ्यात टिकटिक पुन्हा सुरू झाली, आणि माझ्या बरगड्यांच्या मध्ये, आतून, कोणीतरी गार बोट ठेवायला आणावं तसं वाटलं. अजून ठेवलं नव्हतं, नुसतं जवळ आणलं होतं.

"बर्नार्ड," मी उठत म्हटलं, "त्याच्याजवळ बसा. चहा पाजा, गप्पा मारा, काहीही करा. इकडे येऊ देऊ नका."

बर्नार्डनी मान हलवली आणि निघाले. दारात दोनदा वळून बघितलं त्यांनी.

मी टेबलाभोवती चालायला लागले. माझा अंदाज अगदी बरोबर निघाला. मी चालले की टिकटिक मागून यायची. मी थांबले की गार बोट जवळ यायचं. पुन्हा चार पावलं टाकली की दूर. हँडल मारणारा जो कोण आत होता, तो दमत होता. माझाही गुडघा दुखत होता, पण मी बीटाच्या शेतांत ट्रॅक्टर चालवून पोट भरलेली बाई आहे. दमायचंच असेल तर तू आधी दम, मी त्याला म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

६

"कोणाशी बोलतेयस?"

दारात सेड्रिक. गाल लाल, हातात कप. मागे बर्नार्ड हताश होऊन उभे.

"आत येऊ नकोस!" मी ओरडले. "नियम!"

"अगं, तास झाला तुझी चालच नाही! कसला नियम घेऊन बसलीस?" तो सरळ आत आला. आणि बाग दिसताच जे व्हायचं तेच झालं. बेचाळीस वर्षांत पँथर दिसला आणि हा पुढे गेला नाही, असं कधी झालंय? "कोणी बनवला गं हा? काय काम आहे!" म्हणत तो टेबलावर वाकला. तोफ माझ्या अंगावर होती, म्हणून मी त्याला अडवायला थांबू शकत नव्हते. चालत राहिले.

"सेड्रिक, हो मागे. तो फिरतो. माझ्यामागे फिरतोय."

"काय फिरतो?"

"बुरूज. हळू फिरतो म्हणून निभावतंय. तू जा."

आणि माझ्या नवऱ्याने, डोळे मिचकावत, प्रेमाने, नेहमी टोस्ट खाताना बोलायचा त्याच आवाजात मला दुरुस्त केलं.

"हळू? तुमच्या त्या तक्त्यावरून? किती वर्षं सांगतोय, तो तक्ता चुकलाय. पँथरचा बुरूज इंजिनावर फिरतो, राणी. इंजिन जेवढं जोरात, तेवढा बुरूज जोरात. भरधाव असलं तर तुझ्या शर्मनच्या बरोबरीने गरकन फिरेल." तो आणखी खाली वाकला. "हळू फिरतो तो इंजिन बंद असताना. तेव्हा हाताने हँडल मारावं लागतं."

टिकटिक थांबली होती. केव्हा थांबली ते मला कळलंच नाही.

बुरुजावरचं उघडं झाकण हललं. आतून काहीतरी वर आलं, नखाएवढं फिकट, झाकणाची कड धरणारं, आणि झाकण आतून ओढलं जाऊन बंद झालं. सेड्रिकने ते बघितलं. कपातला चहा त्याच्या पायावर सांडला तरी तो हलला नाही.

मग जमिनीखालून सुरू झाल्यासारखा घरघराट आला. खिडकीच्या काचा झणझणल्या. स्पंजाची झाडं थरथरली. तोफ फिरली, टिकटिक न करता, सरळ, गरकन. माझ्यावरून गेली तेव्हा माझा श्वास तुटला. पण ती थांबली नाही. ती टेबलावर वाकलेल्या सेड्रिकच्या छातीकडे निघाली होती.

मी विचार केला नाही. रस्त्यातला शर्मन उचलला आणि बागेत घुसवला, झाडं मोडत, पँथरच्या अंगाला अंग, आणि त्याच्या त्या लांबलचक तोफेच्या आड दाबून धरला. सेड्रिक ज्या तोफेचं एवढं कौतुक करायचा, ती लांब असल्यामुळेच अडकली. सेड्रिकच्या छातीपासून दोन बोटं अलीकडे.

"थेल्मा," सेड्रिक म्हणाला. मी त्याला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "थेल्मा, सोड ते. चल आपण..."

"बर्नार्ड!" मी म्हटलं. "रणगाड्यावर हात आहे तोवर चाल कोणाची?"

बर्नार्ड दाराच्या चौकटीला धरून उभे होते. डोळे मिटलेले. "ज्याचा हात आहे त्याची," ते म्हणाले. "हात सुटेपर्यंत त्याचीच."

"मग त्याला माझी चाल संपेपर्यंत गोळा सोडता येत नाही."

"नाही येत."

"सेड्रिकला बाहेर न्या. टाऊन हॉलपर्यंत न्या, पार नदीपर्यंत न्या."

सेड्रिक जाईना. दोन दणकट म्हाताऱ्यांची दारात झटापट चाललीय, एक ओढतोय, एक रडतोय, आणि रडणारा सारखं म्हणतोय, शर्मन चांगला, शर्मन चांगला, कबूल, आता सोड. आत्तापर्यंत एवढं वाक्य त्याने कधी म्हटलं नव्हतं.

मी मान वळवत नाही. अंगठा शर्मनच्या पाठीवर आहे. पातळ पत्रा, उंच अंग, पण हटत नाही माझा शर्मन. अंगठ्याखाली पलीकडून जोर येतोय, थोडा येतो, मागे जातो, पुन्हा थोडा जास्त येतो. पत्रा गरम होत चाललाय. अंगठ्याला मुंग्या यायला लागल्यात, तेव्हा हात न उचलता मी दुसरा अंगठा त्याच्यावर ठेवलाय.

"जा रे," मी सेड्रिकला सांगते. "माझी चाल अजून व्हायचीय."